ओठांनी ओवलेला धोटा

मित्रांनो, मला पाहिलं की लहान मुलं हमखास एकच शब्द बोलतात, ‘होडी!’ त्यांचं अगदीच चुकतं असं मी म्हणणार नाही. माझी दोन्ही टोकं निमुळती आहेत, त्यांच्यावर पोलादाच्या टोप्या आहेत आणि पोटात लांबट पोकळी आहे. पण मी जन्मात कधी पाण्यात उतरलो नाही. मी एक जुना, झिजलेला, लाकडी धोटा आहे. मागावर ताणलेल्या उभ्या सुतांमधून आडवं सूत घेऊन जो इकडून तिकडे आणि तिकडून इकडे धावतो, तो मी.

आता माझं धावणं संपलं आहे. जर्मनीतल्या एका खिडकीत मी पडून असतो. दुपारी काचेतून ऊन अंगावर येतं आणि माझा डोळा लागतो. झोपेत मला अजून मागांचा खडखडाट ऐकू येतो. मग मी अर्धा इथे असतो आणि अर्धा शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात, आणि आपण नक्की कुठे आहोत हे मलाच उमगत नाही. तेव्हा माझी गोष्ट जरा मागेपुढे झाली तर सांभाळून घ्या. मागेपुढे करणं हा माझा धंदाच होता.

माझं लाकूड अमेरिकेतलं. तुमच्याकडच्या टेंभुर्णीच्या कुळातलंच ते झाड, फार चिवट. ते लाकूड बोटीने इंग्लंडात लँकेशायर नावाच्या भागात आलं. तिथे एका कारखान्यात मला कापलं, तासलं, तेलात मुरवलं आणि हात फिरवला तर कुसळ लागणार नाही इतकं गुळगुळीत केलं. माझ्या पोटात कांडी बसवायची जागा केली. कांडी म्हणजे सूत गुंडाळलेली लाकडी नळी. आणि माझ्या कुशीला एक बारीकसं भोक पाडून त्याला चिनीमातीचं कडं बसवलं. मित्रांनो, हे भोक विसरू नका. माझी सगळी गोष्ट या भोकातूनच ओवलेली आहे.

बर्नली गावच्या गिरणीत मी पहिल्यांदा ज्या हातात पडलो, तो एलेनचा. एलेन तेव्हा लहान मुलगीच होती. अर्धा दिवस शाळा आणि अर्धा दिवस गिरणी. शाळेत ती बाकावर डोकं ठेवून झोपायची आणि त्याबद्दल छड्या खायची, असं ती पुढे लेकीला सांगत असे. उंची पुरत नव्हती म्हणून मागापाशी लाकडी खोक्यावर उभी राहायची. माझ्यातली कांडी संपली की ती नवी बसवायची, सुताचं टोक भोकाच्या आतल्या बाजूला लावायची आणि बाहेरून माझ्या कुशीला ओठ टेकवून जोरात श्वास आत ओढायची. सूत सर्रकन बाहेर तिच्या ओठांत. झालं ओवून! माग पुन्हा सुरू.

गिरणीत सगळ्या बायका असंच करायच्या. धोट्याचा मुका घेणं, असंच म्हणायचे त्याला. दिवसभरात माझे किती मुके घेतले जायचे याची गणतीच नव्हती. एखाद्या राजपुत्राच्याही नशिबी नसतील! मी फार फुशारलो होतो हो. एलेनची पाळी संपली की दुसरी बाई यायची, ती आजारी पडली की तिसरी. ज्याचा हात मागावर, त्याचे ओठ माझ्यावर. कुणी कधी विचारलं नाही की आधी कुणाचे ओठ लागले होते.

गिरणीत आवाज इतका, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा शब्द कानात शिरत नसे. म्हणून बायका आवाज न काढता बोलायच्या. ओठ मोठमोठे हलवायचे, भुवया उडवायच्या, हातवारे करायचे. सबंध शेडमध्ये एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत गप्पा, लग्नं, भांडणं, सगळं मुक्याने चालायचं. मुकादम जवळ आला की ओठ मिटले! ओठांच्या इतक्या जवळ राहिल्यामुळे मीही ती भाषा शिकलो. आजही कोण काय पुटपुटलं ते मला आवाजाशिवाय कळतं. म्हातारपणी माझा तोच एक विरंगुळा आहे.

एके दिवशी मी मागातून उडालो. धोटे कधीकधी असे उडतात आणि कुणाचा डोळा फोडतात. माझ्या नशिबाने मी भिंतीवर आदळलो आणि माझ्या अंगाचा एक टवका उडाला. मुकादम म्हणाला, टाक भट्टीत. एलेनने मान डोलावली आणि मला एप्रनखाली लपवून घरी नेलं.

त्या घरात मी शेकोटीच्या वरच्या फळीवर राहिलो. खाली कोळसा पेटलेला, वर कपडे वाळत घातलेले आणि मी मधे उबेला. पुढे एलेनची मुलगी नोरा माझ्याशी खेळू लागली. तिने आधी मला होडीच केलं, सांगायला नकोच. मग एके रविवारी एलेनने तिला मांडीवर घेऊन माझ्यात सूत ओवायला शिकवलं. नोराही गिरणीत गेली. ती फार हसरी होती. पण सूत ओढून ओढून विणकर बायांचे पुढचे दात खराब व्हायचे, तसे तिचेही झाले. तेव्हापासून ती तोंडावर हात धरून हसायला लागली. मुक्याची फुशारकी मिरवताना मी हे कधी ध्यानात घेतलं नव्हतं.

नोराची मुलगी जोन. जोन गिरणीत लागली तोवर धोटे तोंडाने ओवणं बंद झालं होतं. हाताने ओवायचे नवे धोटे आले होते. तरी एकदा तिने मला फळीवरून खाली काढलं आणि म्हणाली, “मला दाखव ना, तू कसं करायचीस.” नोराने दाखवलं. जोनने ओढलं तर सूत थेट घशात गेलं आणि तिला ठसका लागला. नोरा त्या दिवशी तोंडावर हात न धरता हसली. ते हसू मी जपून ठेवलं आहे. झोपेत कधीतरी ते मला पुन्हा दिसतं.

मग एकेक करून गिरण्या बंद पडल्या. धुराडी थंड झाली. जोनने केन नावाच्या एका सैनिकाशी लग्न केलं. त्याची पलटण जर्मनीत होती, म्हणून जोन जर्मनीत आली आणि लोकरी मोज्यांच्या मधे गुंडाळलेला मीही आलो. पुढे केनने पलटण सोडली, पण देश सोडला नाही. ब्राउनश्वाइग गावात त्यांनी घर केलं. तिथेच काट्रिन जन्मली. काट्रिनशी जोन इंग्रजीत बोलायची आणि काट्रिन उत्तर जर्मनमध्ये द्यायची. त्यात वाईट काही नव्हतं. पण गिरणीच्या गोष्टी त्या दोन भाषांच्या मधे कुठेतरी सांडून गेल्या. काट्रिनने मला कधी होडी केलं नाही. माझ्या पोटात ती पेन्सिली ठेवायची. पेन्सिली गेल्या तेव्हा चाव्या आल्या आणि चाव्या गेल्या तेव्हा धूळ आली.

वर्षं गेली. केन वारला. जोन ऐंशीची झाली. एकदा जिन्यात पडली आणि तिचा खुबा मोडला. काट्रिन तेव्हा बॉनला एका मोठ्या कंपनीत नोकरी करत होती. तिने ठरवलं की आईला आता बॉनला न्यायचं, आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात. शनिवारी गाडी येणार होती. त्या आठवड्यात काट्रिनने सगळं घर रिकामं करायला काढलं. ती कामाची बाई. तिचे हात भराभर चालत होते आणि जोन आतल्या खोलीत कपड्यांच्या ढिगात बसली होती.

जर्मनीत एक छान रीत आहे. घरात नको झालेल्या पण धडक्या वस्तू खोक्यात भरून दारापुढे फुटपाथवर ठेवतात आणि वर लिहितात, ‘त्सू फरशेंकन’, म्हणजे देऊन टाकायचं आहे. ज्याला हवं त्याने न्यावं. काट्रिनने असंच एक खोकं ठेवलं. त्यात कॉफीचे कप, वॉफल भाजायचं जुनं यंत्र, एक छत्री आणि मी. मित्रांनो, मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? मी भट्टीतून वाचलो होतो, समुद्र ओलांडून आलो होतो, आणि आता एका डाग पडलेल्या कपाशेजारी आकाशाकडे पोट करून पडलो होतो.

त्या दुपारी तीन माणसं रस्त्याने आली. एक उंच, सावकाश चालणारे म्हातारे गृहस्थ, कानात ऐकायचं यंत्र. त्यांच्या बाजूला स्वेटरवर शाल घेतलेली त्यांची बायको. आणि पाठीवर दप्तर घेतलेली त्यांची नात. हे दिनकरराव, सरलाबाई आणि उर्जा. दिनकरराव अंबरनाथहून मुलाकडे, सुगतकडे, तीन महिन्यांसाठी आले होते आणि उर्जाला रोज शाळेतून आणायचं काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं.

दिनकरराव खोक्यापुढून गेले, थांबले आणि परत आले. मग खाली वाकले.

“अहो, हे काय?” सरलाबाई म्हणाल्या. “रस्त्यावरचं काय उचलता? सुगत ओरडेल.”

“आजोबा, दार्फ मान नेमन!” उर्जा म्हणाली. मग आजीचा चेहरा पाहून तिने भाषा बदलली. “म्हणजे अलाउड आहे, आजी. फ्री आहे. आजोबा, दास इस्ट आइन बोट.”

“बोट नाही ग बाळा,” दिनकरराव म्हणाले. “धोटा आहे हा.”

किती वर्षांनी कुणीतरी मला माझ्या कामाच्या नावाने हाक मारली होती! भाषा निराळी होती, पण हात लावण्याची तऱ्हा ओळखीची होती. त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि सरळ माझ्या कुशीतल्या भोकावर अंगठा ठेवला. अंगठा तिथेच बराच वेळ राहिला.

सुगतचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. घर नीटनेटकं होतं. भिंतीवर बुद्धांची मूर्ती असलेला कोनाडा आणि त्याच्या वर निळ्या कोटातल्या, चष्मा लावलेल्या एका गृहस्थांची तसबीर होती. सगळे जाता येता त्यांच्याकडे पाहत, तेव्हा चालणं जरा हळू होत असे. संध्याकाळी सुगत वोल्फ्सबुर्गहून ट्रेनने आला आणि मला जेवणाच्या टेबलावर पाहून त्याने कपाळाला हात लावला.

“बाबा, प्लीज. परवा लॅम्प आणलात, आज हे. आपलं केलर आधीच फुल आहे.”

“हा तळघरात ठेवायचा नाही,” दिनकरराव म्हणाले. “तू जेवायला बस. सांगतो.”

सरलाबाईंनी वाढलं. दिनकरराव मात्र मला समोर घेऊन बसले होते.

“तुझे आजोबा गिरणीत होते, हे तुला माहीत आहे.”

“हो. सूतखात्यात ना?”

“सूतखात्यातच का, कधी विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. बाबांचा हात फार चपळ होता. कापडखात्यात पगार जास्त होता आणि त्यांना तिथे जायचं होतं. पण कापडखात्यात धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागायचं. पाळी बदलली की त्याच धोट्याला दुसऱ्याचं तोंड. आपल्या माणसाचं तोंड लागलेला धोटा बाकीचे तोंडाला लावायला तयार नसत. म्हणून कापडखात्याचं दार आपल्याला बंद.”

सुगतने घास ताटात ठेवला. “आणि आपण कातलेलं सूत?”

“ते चालायचं. त्या सुताचं कापडही चालायचं, सणाला अंगावर घालायचे. फक्त तोंड चालायचं नाही.”

“वारूम?” उर्जाने विचारलं. का? एवढाच तिचा प्रश्न होता.

सरलाबाई म्हणाल्या, “कारण काही नव्हतंच बाळा. असतं तर सांगता आलं असतं.”

“मी त्यांना डबा द्यायला जायचो,” दिनकरराव म्हणाले. “त्यांच्याबरोबर कापडखात्याच्या दारापर्यंत जायचो. तोवर सगळं बदललं होतं म्हणे, कायदा आला होता. पण बाबा दाराशीच थांबायचे. सवय झाली होती. आतले माग बघायचे आणि मग म्हणायचे, ‘चल.’ एवढंच.”

मित्रांनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या मुक्यांची मी जन्मभर फुशारकी मारली, तशाच मुक्यांनी हजारो मैल दूर एक दार लावून ठेवलं होतं. नोरा तिच्या मागावर तोंडाने सूत ओढत होती, त्याच काळात नामदेव नावाचा एक चपळ हातांचा माणूस, दिनकररावांचा बाप, दुसऱ्या एका दाराशी उभा होता. धोटे तेच, रीत तीच. एकीकडे आधी कुणाचे ओठ लागले हे कुणी विचारलं नव्हतं आणि दुसरीकडे फक्त तेवढंच विचारलं होतं. मी लाकूड आहे, मला लाज वाटायचं कारण नाही, पण वाटली.

दुसऱ्या दिवशीपासून दिनकरराव मला कोटाच्या खिशात खोचून फिरू लागले. बाकावर बसले की मला बाहेर काढायचे. ओकर नदीच्या काठी बदकं पाहत बसायचे आणि अंगठा माझ्या भोकावर ठेवायचे. पण ओठांपाशी मात्र त्यांनी मला एकदाही नेलं नाही. का, ते मला कळत नव्हतं. त्यांनाही कळत होतं की नाही कोण जाणे.

आणि मग गुरुवारी शाळेतून येताना ट्रामच्या थांब्यापाशी उर्जा ओरडली. खांबावर एक कागद चिकटवला होता. हरवलेल्या मांजरांचे असतात तसा. त्यावर थरथरत्या हाताने माझं चित्र काढलं होतं आणि खाली जर्मनमध्ये लिहिलं होतं. उर्जाने वाचून दाखवलं, थोडं मराठीत, थोडं तसंच. चुकून देऊन टाकला आहे. माझ्या आजीचा आहे. शनिवारी मी गाव सोडून जाते आहे. बिट्टे, कृपा करून परत आणून द्या. खाली जोनचं नाव आणि घराचा पत्ता.

“आजोबा, दास इस्ट दोख उन्झर बोट!” उर्जा म्हणाली. आपलीच तर होडी आहे ही!

दिनकररावांनी खिशावर हात ठेवला. जोनचं घर शंभर पावलांवर होतं, तरी ते म्हणाले, “आज पाय दुखतोय. उद्या बघू.”

शुक्रवार उजाडला. पाय दुखतच होता. दुपार झाली तरी दुखत होता. सुगतची पँट घेऊन सरलाबाई खिडकीपाशी टीप घालत बसल्या होत्या, निळ्या दोऱ्याने. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“अहो, पाय दुखतोय की जीव अडकलाय?”

“तू गप बस.”

“मी गपच आहे. ती बाई उद्या जाणार. तिच्या आजीची वस्तू आहे. तुमच्या वडिलांना कुणी दारातून परत पाठवलं, म्हणून आपणही कुणाला रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं का?”

दिनकररावांनी मला हातात घेऊन भोकावरून अंगठा फिरवला. मग उठले, कोट घातला आणि म्हणाले, “चल. उर्जालाही घे. आणि तो दोरा घे बरोबर.”

“दोरा कशाला?”

“घे म्हणतोय ना.”

काट्रिनने दार उघडलं. मला पाहिलं आणि तिचा चेहरा एकदम उतरला. “आल्झो…” म्हणजे ‘तर मग…’, एवढंच ती म्हणाली आणि बाजूला झाली. घर रिकामं झालं होतं. एका खोलीत फक्त एक खुर्ची होती आणि खुर्चीत जोन. ती तेवढ्या दिवसांत आणखी लहान झाल्यासारखी वाटली. दिनकररावांनी मला तिच्या हातात ठेवलं. तिने मला गालाला लावलं आणि रडली. मलाही रडता येत असतं तर बरं झालं असतं.

“ये, बस लव्ह,” ती दिनकररावांना इंग्रजीत म्हणाली.

सरलाबाईंची भुवई वर गेली. “काय म्हणाली ती तुम्हाला?” लँकेशायरमध्ये भाजीवाल्यालाही बायका ‘लव्ह’ म्हणतात, हे मी सांगू शकलो असतो, पण मला कोण विचारतो!

दिनकररावांच्या कानातलं यंत्र तेवढ्यात शिट्टी मारू लागलं. त्यांनी ते वैतागून काढलं. ते पाहून जोन हसली आणि आवाज न काढता, ओठ मोठे हलवत, हातवारे करत बोलू लागली. ‘तुला कसं कळलं हे काय आहे?’ गिरणीची भाषा! नोरा गेल्यापासून ती माझ्यापुढे कुणी बोललं नव्हतं. दिनकरराव पाहतच राहिले.

“माझे वडील असेच बोलायचे,” ते इंग्रजीत म्हणाले. “घरातसुद्धा. मुंबईच्या गिरणीत होते. सूतखात्यात.”

“आणि विणकामात?”

“तिथे त्यांना घेत नसत.”

“का? आजारी होते का?”

“नाही. त्यांच्या जातीच्या माणसाचं तोंड लागलेला धोटा दुसरे तोंडाला लावत नसत.”

जोन त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते लगेच समजलं नाही. समजलं तेव्हा ती हळहळली नाही, माफी मागितली नाही. तिने फक्त हात पुढे केला आणि सरलाबाईंकडच्या दोऱ्याकडे बोट दाखवलं. सरलाबाईंनी रीळ दिलं. जोनने दोऱ्याचं टोक माझ्या भोकाच्या आत लावलं, मला उचललं आणि ओठ टेकवले.

मित्रांनो, साठ वर्षांनी! मी डोळे मिटले. पण दोरा आला नाही. तिने पुन्हा ओढलं. कवळी सैल होती, श्वास पुरत नव्हता. तिसऱ्यांदाही नाही. ती दमून मागे टेकली आणि मला तसंच, ओलं, दिनकररावांपुढे धरलं.

“तू बघ ना जरा, लव्ह,” ती म्हणाली.

दिनकररावांनी मला हातात घेतलं. सरलाबाईंनी पर्समधून कागदी रुमाल काढला, पुसायला. स्वच्छतेची सवय, दुसरं काही नाही.

“राहू दे,” दिनकरराव म्हणाले. “पुसू नकोस.”

आणि त्यांनी मला ओठांशी नेलं. त्यांचे ओठ कोरडे होते. एक मोठा श्वास त्यांनी आत ओढला, आणि निळा दोरा सर्रकन माझ्या कुशीतून बाहेर, त्यांच्या ओठांत! जोनने टाळ्या वाजवल्या. उर्जा “सुपर!” म्हणून ओरडली. दिनकररावांना मात्र तोंडातला दोरा काढायचंही भान नव्हतं. ते रिकाम्या खोलीच्या दाराकडे पाहत होते. तिथे कुणीच नव्हतं. त्यांचे ओठ थोडेसे हलले.

“काय म्हणालात?” सरलाबाईंनी विचारलं.

“काही नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले.

मग जरा गोंधळच झाला. उर्जा म्हणाली, “मला पण, आजोबा, मला पण ओढू द्या ना!” चक्क मराठीत. काट्रिन गुडघ्यांवर आईजवळ बसली आणि हळूच विचारू लागली, आजीचं नाव काय होतं, तिच्या आईचं काय. जोन सांगू लागली. एलेन, नोरा, लाकडी खोकं, छड्या, खराब दात. मी ऐकत होतो. माझी माणसं एकेक करून त्या रिकाम्या खोलीत येऊन बसत होती.

निघताना जोनने मला दिनकररावांपुढे धरलं. “तुम्ही ठेवा. खरंच.”

“नको,” ते म्हणाले. “तुमच्या आजीचा आहे. माझं काम झालं.”

तेव्हापासून मी बॉनला या खिडकीत आहे. निळा दोरा अजून माझ्या कुशीत आहे. काट्रिन रविवारी येते तेव्हा धूळ पुसते, पण दोऱ्याला हात लावत नाही. जोन आता बरेचदा झोपलेली असते. झोपेत तिचे ओठ हलतात आणि ती कुणाशी बोलते ते मी वाचतो. ते आमच्या दोघांतलं आहे, तुम्हाला सांगणार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं काहीतरी पडलं असेल. मोडकं, बिनकामाचं. ते खोक्यात टाकायचं असेल तर खुशाल टाका, घरं काही फुगत नाहीत. फक्त त्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापुढे ते एकदा धरा आणि थोडा वेळ गप्प बसा. मग त्याच्याकडे नीट पाहा. तो बोलला नाही तरी त्याचे ओठ हलतात का, ते पाहा. दिनकररावांचे हलले होते. सरलाबाईंना ऐकू आलं नाही, कारण आवाज निघालाच नव्हता. पण मी त्यांच्या ओठांना अजून टेकलेलाच होतो आणि मला ती भाषा येते.

दाराकडे पाहून ते म्हणाले होते, “या बाबा. आत या.”